रिह्याच्या रानातली उपटलेली मेख

माझा सख्खा भाऊ संतोष यानं रिहे गावच्या केरबा नानांना फसवलं, आणि माझं नाव घेऊन फसवलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका नको.

गावच्या यात्रेची स्मरणिका निघते आहे, गाव सोडून गेलेल्यांनी आठवणी लिहून द्याव्यात, असा निरोप मला आला. निरोप आणणाऱ्यानं वर बजावलं, "मंगलताई, जरा गोड लिव्हा." गोड लिहिणारे पुष्कळ मिळतील तुम्हाला. मी धनगराच्या घरी जन्मले, पिरंगुटला मेंढरांचं लेंडीखत विकून उभी राहिले, आणि भाव करताना कधी आवाज खाली केला नाही. मला येतं तसं लिहिणार. आपल्या गावात, माल्यात राहिलेल्यांनी वाचावं, माल्याहून भूगाव, वाकड आणि पार दुबईला गेलेल्यांनी वाचावं. संतोषनं तर वाचावंच.

मी गाव सोडलं त्या सकाळी आबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. फाट्यावर बस आली तेव्हा आमची मेंढरं रस्ता ओलांडत होती, आणि आबा डाव्या हातातल्या काठीनं ती हाकत होते. कंडक्टर ओरडत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आईनं भाकरीचं फडकं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "रडायचं आसंल तर आत्ताच रड, तितं कुनाम्होरं रडू नगंस." मी रडले नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात फक्त राग होता. आबा मेंढरांच्या मागून आले, बसच्या खिडकीशी थांबले आणि एवढंच बोलले, "भाव कर, भांडन कर, काय करायचं त्ये कर. पर बोललीस त्ये फिरवू नगंस."

माले ते पिरंगुट, बसनं तासाभराचा रस्ता. ह्याला काय गाव सोडणं म्हणतात, असं दुबईवाल्यांना वाटेल. पण ज्या घरात रोज पन्नास-साठ तोंडं ओरडत उठतात, त्या घरातून निघून चार भिंतींच्या खोलीत एकटं झोपायला गेलं की तासाभराचं अंतरही पुरतं.

आबांचा हात का मोडला होता ते सांगितल्याशिवाय नाना कोण हे कळणार नाही.

आमच्याकडचा पाऊस मेंढराला सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून पावसाळाभर आबा कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखात असायचे, आणि भात निघालं की परत यायचे. मग रिह्याच्या खोऱ्यात रिकाम्या खाचरांत मेंढरं बसायची. रात्री मेंढरं रानात बसली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या साली भात दाणेदार येतं. त्याबदल्यात शेतकरी धान्य द्यायचा, आता पैसे देतो. हे सगळे जाणतात. पण एक गोष्ट आमच्यातलीच माणसं जाणतात. मेंढरांभोवती जाळी लावायची, तिला आम्ही वाघर म्हणतो. त्या वाघरीची पहिली मेख धनगर मारत नाही. ज्याचं रान, तो मालक स्वतः मारतो. त्यानं मेख मारली की बोली झाली. ठरल्या रात्री पुऱ्या झाल्या की शेवटच्या सकाळी तोच ती उपटतो आणि धनगराच्या हातात देतो. कागद नाही, सही नाही. मेख रानात असेपर्यंत कळप त्या मालकाचा पाहुणा. त्याच्यावर हात टाकणं म्हणजे मालकावर हात टाकणं.

त्या वर्षी केरबा नानांनी त्यांच्या खाचरात मेख मारली होती. एका दुपारी आमची चार-पाच मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात शिरली. चूक आमची होती, माझी नजर हटली होती. हरभऱ्यावाल्याची दोन माणसं काठ्या घेऊन आली. त्यांनी मेंढरं हाकलली नाहीत, सरळ आबांना मारायला लागली. पहिली काठी पाठीत, दुसरी कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. मी दगड घेऊन धावले, तर एकानं माझ्या पोटात लाथ घातली. मी मातीत पडले होते तेव्हा नाना बांधावरून उड्या टाकत येताना दिसले. धोतर गुडघ्यावर, पायात काही नाही. ते आबांच्या आणि काठीच्या मधे उभे राहिले.

"मानूस माज्या बोलीवर आलाय. मारायचं तर मला मारा."

त्यांनी खरंच मारली. एक काठी नानांच्या खांद्यावर बसली. नाना हलले नाहीत. ज्यानं मारली तोच काठी टाकून मागं सरला, कारण रिह्यात नाना म्हणजे जुनं, जमीनवालं घर, आणि आपण काय केलं हे त्याला तोपर्यंत कळलं होतं. नाना त्याला एवढंच म्हणाले, "हरभऱ्याचं नुसकान मी भरीन. ह्येच्या हाताचं कोन भरनार?"

त्या मोडक्या हातामुळे त्या वर्षी कळप अर्धा विकावा लागला, आणि मी पिरंगुटला गेले.

पिरंगुटचे पहिले दिवस काही सांगण्यासारखे नाहीत. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागले. तिथल्या ठेकेदारानं महिन्याभरात माझा हात धरला. माझ्या दुसऱ्या हातात चहाची किटली होती. ती मी त्याच्या पायावर ओतली. तो उड्या मारत असताना मी ॲप्रन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. कुणी विचारलं की धंदा कसा सुरू केला, तर खरं उत्तर हेच आहे. दुसरी नोकरी कुणी देईना.

गावाहून टेम्पोवाल्याकडून आबांनी लेंडीखताची आठ पोती पाठवली, "इकून टाक" म्हणून. भूगावच्या एका बंगल्यापुढे मी ती घेऊन उभी राहिले. बंगल्याची मालकीण पुण्याची.

"एवढे पैसे? शेण तर फुकट मिळतं हो."

"मॅडम, शेन गाईचं. ही लेंडी हाय. आन फुकट मिळतंय तितनं घ्या की. मी कशाला उन्हात उभी ऱ्हाऊ?"

"थोडं तरी कमी करा."

"करते की. पोतीबी कमी करते."

मागं त्यांचा माळी बाळू नळी धरून उभा होता. त्याला हसू आवरेना, सगळं पाणी त्यानं स्वतःच्या पायावर सोडलं. बाईंनी दोन पोती घेतली. आठ दिवसांनी मी परत गेले, काही विकायला नाही, हिरवळ बघायला. एका कोपऱ्यात ती पिवळी पडली होती. बाळूनं खत जास्त टाकलं होतं. चूक त्याची, पण मी बाईंना सांगितलं की आमच्या पोत्यात ओल होती, आणि एक पोतं बदलून दिलं. पुढच्या आठवड्यात बाळूनं दोन माळी माझ्या खोलीवर आणले. म्हणाला, "ही ती बाई. जिभेची तिखाट हाय, पर मानूस वाचवती."

ह्या एका वाक्यावर माझा धंदा उभा राहिला. मालक खत बघत नाही. मालक हिरवळ बघतो, आणि हिरवळीचा हिशेब माळ्याच्या डोक्यात असतो. मी माळी, फार्महाऊसचे राखणदार, नर्सरीत काम करणारे, टेम्पोवाले ह्यांची माणूस झाले. बाळूची बायको दवाखान्यात होती तेव्हा तीन दिवस मी तिच्या उशाशी बसले. एका राखणदाराच्या मुलीच्या लग्नात वाढप केलं. नर्सरीतला बिहारी माणूस आजही फोनवर नाव सांगत नाही, नुसतं विचारतो, "दीदी, माल सूखा है ना?" मी "है" म्हटलं की ठेवून देतो. पुढं नुसत्या खतावर भागेना, तेव्हा फार्महाऊसच्या बागांत आणि सेंद्रिय शेतीवाल्यांच्या रानांत मेंढरं बसवून द्यायला लागले. आबांचा कळप, आणखी दोन-तीन भाऊबंदांचे कळप. कुठल्या रानात कधी बसायचं हे सगळं माझ्या जिभेवर. पिरंगुटला वन बीएचके घेतला. लिफ्टमध्ये खताचा वास येतो म्हणून सोसायटीनं तक्रार केली, तर मी सेक्रेटरीच्या दारातल्या कुंड्यांना दोन मुठी लेंडी टाकून आले. त्यांची जास्वंद फुलली आणि तक्रार संपली.

संतोष माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला मी शिकवलं. फी मी भरली, हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मोटारसायकलचे पैसे मी दिले. नोकरी सुटली आणि तो माझ्याकडे येऊन राहिला. एके दिवशी नाश्ता करता करता म्हणाला, "ताई, माळ्यांच्या दारात किती वर्षं चकरा मारणार? आता जमाना कंटेंटचा आहे. तू ब्रँड आहेस, ताई."

"मी बाई हाय. पोहे खा."

पण खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं होतं. मी त्याला करू दिलं. तो आबांच्या मागे मोबाइल घेऊन फिरायला लागला. घोंगडीवर बसलेले आबा, कोकरू कुशीत घेतलेले आबा, मागं बासरी. आबांनी आयुष्यात बासरी वाजवली नाही. हे सगळं त्यानं काढलेल्या पेजवर जायचं, खाली माझं नाव आणि नंबर. हजारो माणसं बघायची, 'मातीशी नाळ' असं लिहायची, बदाम टाकायची. फोन यायचे ते असे. एक किलो खत कुरिअर कराल का? वाढदिवसाला कोकरू भाड्यानं मिळेल का? एका माणसानं अर्धा तास बोलून विचारलं की मेंढीचं आणि बकरीचं दूध कसं ओळखायचं, आणि फोन ठेवला. वर्षभर व्हिडिओ चालले. त्यातून माझ्याकडून खताचं पोतं घेणारी माणसं मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकते, आणि बोटं उरतात. आणि बाळू माळ्यानं एका चहावर मला नवीन चार बंगले सांगितले. मी हे संतोषला म्हटलं. तो म्हणाला, "ताई, रीच बिल्ड व्हायला वेळ लागतो."

गेल्या मोसमात भात निघालं, कळप वर आला. नानांनी खाचरात मेख मारली. पाच रात्री ठरल्या. नाना आता म्हातारे झालेत, मेख मारताना दोनदा दम घेतला, पण हातोडा दुसऱ्याला दिला नाही.

दोन रात्री झाल्या आणि शुक्रवारी संतोषचा फोन आला. मुळशी रस्त्यावरच्या एका नव्या रिसॉर्टनं व्हिडिओ बघून त्याला गाठलं होतं. शनिवारी पाहुणे आहेत, मेंढरं हवीत, पाहुणे फोटो काढतील.

"ताई, शनिवारीच म्हणतायत. नानांच्या दोन रात्री राहतील. काय करू?"

माझी गाडी भरत होती. हमाल पोती चुकीच्या बाजूनं लावत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते. मी फोनवर म्हटलं, "तुझं तू बघ," आणि फोन ठेवला.

तीन शब्द. ते माझेच होते. ते मी नाकारत नाही.

शनिवारी सकाळी आबा मेंढरांचं औषध आणायला पौडला गेले होते. संतोष खाचरात गेला. नाना बांधावर बसले होते. संतोष त्यांना म्हणाला, "नाना, ताईनं दुसरीकडं ठरवलंय. ती म्हणाली, मेख काढ."

नाना म्हणाले, "मंगल म्हनली? मंग तीच यिऊन सांगंल."

संतोष खाली वाकला आणि त्यानं मेख उपटली. नानांच्या देखत, नानांच्या रानात, नानांनी मारलेली मेख. मग वाघर गुंडाळली आणि एका रोजंदारीच्या मेंढक्याला घेऊन कळप हाकला.

आबा पौडहून आले तर रान रिकामं. नानांनी काय झालं ते सांगितलं, स्वतःच्या पोराला मोटारसायकल काढायला लावली आणि आबांना मागं बसवून कळपाच्या मागावर पाठवलं. म्हणजे ज्याचा अपमान झाला त्यानंच माझ्या बापाला गाडी दिली.

रिसॉर्ट चढावर आहे, खाली रस्ता. आबा पोचले तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी ड्रोन उडवला. मेंढरांनी घार बघितली तर ती गोळा होतात. पण घार भुणभुणत नाही. म्होरकी मेंढी उधळली आणि तिच्यामागं सगळा कळप उतारावरून रस्त्याकडे सुटला. खडीचा डंपर येत होता. आबा मेंढरांच्या पुढं पळाले, हात पसरून, रस्त्यावर.

बाळूचा फोन मला आला. "ताई, पळा. तुमची मेंढरं रस्त्याला पडल्यात. आबाबी हायेत." बाळूला रिसॉर्टच्या माळ्यानं कळवलं होतं. ज्यानं हे सगळं ठरवलं त्या माझ्या भावानं मला फोन केला नाही.

मी स्कूटरवर पोचले. नऊ मेंढरं मेली होती. काही पूर्ण सपाट, काही अर्धी, पुढचे पाय हलत होते. एका गाभण मेंढीचं पोट फुटलं होतं. रस्ता इतका ओला की माझी स्कूटर घसरली. आबा कडेला बसले होते, डावं पाऊल चाकाखाली गेलेलं. वहाण फाटून मांसात रुतली होती. ओरडत नव्हते. मेंढरं मोजत होते. पलीकडे जमाव डंपरच्या ड्रायव्हरला मारत होता. त्यानं ब्रेक मारला नसता तर आबा वाचले नसते, पण मारणाऱ्यांना ते कुठं बघायचं होतं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो हात जोडून म्हणत होता, "भैया, मैंने ब्रेक मारा, ब्रेक मारा." मी मधे शिरले. दोन बुक्के मलाही बसले. मी ओरडले, "माझी मेंढरं हायेत, माझा बाप हाय, तुमी कोन?" तेव्हा लोक मागं झाले.

मग मी संतोषला बघितलं. तो एका दगडावर उभा होता. मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होता.

मी त्याला दगडावरून ओढून खाली पाडला. मोबाइल रस्त्यावर आपटला, टाचेखाली घेतला. काठी आबांची होती, तिथंच पडलेली. ती मी त्याच्या दंडावर मारली, पाठीत मारली, ओठावर मारली. ओठ फाटला. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला आबाच ओरडले, "मंगल, मेंढरू हाय का त्ये? बास!" तेव्हा थांबले. ह्याबद्दल मला कुणी विचारू नये. मी पस्तावलेली नाही.

मोबाइल फुटला तरी व्हिडिओ वाचला, तो म्हणे आपोआप कुठंतरी वर जाऊन साठतो. दोन दिवसांनी संतोषनं तो पेजवर टाकला. दुःखी गाणं लावून. सगळ्या वर्षात सर्वांत जास्त लोकांनी तोच बघितला. आपल्या गावच्याही कितीजणांनी त्यावर रडके चेहरे टाकलेत, नावं मी वाचलीत. खताचं एक पोतं कुणी मागितलं नाही. आबांना बघायला दवाखान्यात आले ते बाळू, दोन राखणदार आणि नर्सरीतला बिहारी माणूस, केळी घेऊन.

चौथ्या दिवशी मी रिह्याला गेले. नाना बांधावरच होते. मेख उपटलेल्या जागी भोक तसंच होतं, कुणी बुजवलं नव्हतं.

"नाना, चुकलं."

"कुनाचं?"

"माझं. त्यानं फोन केला तवा मी म्हनले, तुझं तू बघ. तुमच्या रानाचं त्यानं काय बघायचं? ते मी बघायचं हुतं."

"बरं. तुजं झालं. त्येचं?"

"त्याला काय कळतंय, नाना..."

"तीस वर्साचा घोडा हाय. त्यानं माज्या म्होरं वाकून मेख उपटली. माज्या तोंडाकडंबी बघितलं न्हाई. मी आडवा झालो न्हाई, का, तर तुजं नाव घेतलं हुतं म्हनून. न्हाईतर हितंच गाडला असता."

मी घाबरले. आयुष्यात मी ज्याला घाबरत नाही तो व्यवहार, आणि मी व्यवहारच करायला लागले. म्हटलं, "नाना, दोन रात्री राहिल्यात ना, मी पुढल्या साली दहा बसवते. एक रुपया घेत न्हाई. आबांकडं बघा."

नाना माझ्याकडे वळले. "माज्याशी भाव करतीस व्हय गं?"

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुज्या आबाचं रान हाय ह्ये, जलमभर बसलाय हितं. पर मेख मारायला माजा हात उचलला पायजे का नगं? तुज्या भावानं यावं. म्हनावं, कुनी सांगितलं हुतं त्ये. पुढलं भात निघंस्तवर वाट बघीन. पलीकडचा एक कळपवाला इचारून गेलाय. त्याला मी अजून व्हय म्हनलो न्हाई."

त्याच आठवड्यात माझे फोन थंड झाले. भांडण कुणी केलं नाही. माळी, राखणदार, सेंद्रिय शेतीवाले, सगळे गोड बोलले. "पुढल्या वर्षी बघू, ताई." धंद्यात ह्याहून वाईट वाक्य नाही. रिह्यापासून भूगावपर्यंत ही बातमी कुणी पोस्ट केली नव्हती. ती चहाच्या टपरीवर गेली, टेम्पोत बसून गेली, लग्नाच्या पंगतीत गेली. ज्या वाटांनी इतकी वर्षं माझ्याकडे गिऱ्हाईक आलं त्याच वाटांनी गेली. बाळू तेवढा टिकला. त्यानंच मला तोंडावर सांगितलं, "ताई, लोकं म्हनत्यात, जी नानांची मेख उपटायला सांगती, ती आमच्या मालकाचं काय सांभाळनार?"

"मी सांगितलं न्हाई, बाळू."

"मला म्हायती हाय वो. पर संतोष तर तसंच म्हनला. त्यानंच म्हनाय पायजे न्हाई म्हनून."

संतोष आता वाकडला मित्रांबरोबर राहतो. नवा मोबाइल आहे. पेजवर स्वतःला 'मेंढपाळाचा मुलगा' म्हणवतो. माझे फोन घेत नाही. एकदा मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. दाराची साखळी न काढता फटीतून म्हणाला, "ताई, मी सॉरी म्हटलंय. पोस्ट टाकलीय. नानांना टॅगपण करणार होतो, पण त्यांचं अकाउंट नाहीये."

नानांकडं साधा फोनसुद्धा नाही. ज्या माणसाच्या तोंडाकडं बघून तीन वाक्यं बोलायची, त्याला सोडून हा जगाची माफी मागतो आणि जग ह्याला बदाम टाकतं. दाराला साखळी होती ते बरं.

स्मरणिकावाल्यांनी विचारलं होतं, इतक्या वर्षांनी गाव म्हणजे तुम्हाला काय वाटतं? माल्यात आमचं जुनं छप्पर गेलं, तिथं आता पत्र्याचं घर आहे. आई गेली. पिरंगुटचा वन बीएचके माझ्या नावावर आहे, त्याला मी घर म्हणते, पण तिथं मी झोपते एवढंच. खरं विचाराल तर मी गेलेली नसतानाही जिथं माझ्या नावावर फाटक उघडतं, ते माझं घर. अशी घरं मी एकेक करून मिळवली होती. कुठलंच विकत घेतलं नव्हतं. त्यातलं सगळ्यांत जुनं रिह्याला आहे, आणि ते मला आबांच्या मोडक्या हातानं मिळवून दिलं होतं. आबा सध्या माझ्याकडे आहेत, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. मेंढरं पूर्वेला भाऊबंदांकडे. रोज सकाळी चहा पिताना विचारतात, "त्यो रिह्याला गेला का गं?" मी नाही म्हणते. मग कप खाली ठेवतात. राहिलेला चहा पीत नाहीत.

भात पोटरीला आलंय, लोंबी बाहेर पडतेय. महिना, फार तर सव्वा महिना राहिला. एकदा नानांनी दुसऱ्याची मेख मारली की आबांच्या हयातीत ते रान परत मिळणार नाही. मलाही खोऱ्यात कुणी फाटक उघडणार नाही, आणि ते मी सोसेन, दुसरं काही विकेन. आबांचं काय?

माझ्या वाट्याचं उत्तर मी नानांसमोर बसून दिलं आहे. तुझं राहिलंय, संतोष. रिह्याला ये. मित्र आणू नकोस, मोबाइल खिशात ठेव. बांधावर उभा राहा, नानांच्या तोंडाकडं बघ, आणि रिह्यातली चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं सांग. तू स्वतःहून आलास तर मी हात लावणार नाही. न आलास तर मी वाकडला येईन, आणि ह्या वेळी साखळी तोडून आत येईन. सगळ्या गावानं वाचावं म्हणून हे स्मरणिकेत लिहिलंय.

मेख उपट असं तुला कुणी सांगितलं होतं? बोल.